आला, बसली, गेला

वसमतच्या स्टँडवर आक्काची टाळी वाजली की दुकानदार गल्ल्याकडे बघायचे आणि मी पेपर शोधायचो. स्टँडसमोर माझं शिलाईचं दुकान होतं. आपण हिजडा आहोत हे आक्का कुणी विचारायच्या आधीच सांगून मोकळी व्हायची. वाचता येत नसल्याने तिच्याबद्दल काही छापून आलं की ब्लाउजच्या मापाचं निमित्त काढून ती ऐकायला यायची.

बातमी कसलीही असो, मथळा एकच: 'तृतीयपंथीयाचा धुमाकूळ'. एकदा ती नव्या कापड दुकानाच्या उद्घाटनाला आशीर्वाद द्यायला गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'तो दुकानात आला, टाळ्या वाजवत बसली आणि साडी घेऊन निघून गेला.'

आक्का शांतपणे म्हणाली, "आला त्यो कोन, अन् बसली ती कोन? त्यो तर साडी घेऊन गेला. ती आजून दुकानातच बसून राहिली व्हय?"

मी पोट धरून हसलो. ती हसली नाही.

"टेलरभाऊ, धुमाकूळ म्हना, कायबी म्हना. पर एकदा सरळ छापा म्हनावं. आक्का आली, आक्का गेली. बास."

त्या पेपरचा आमच्या गावचा वार्ताहर खताच्या दुकानात बसून बातम्या लिहायचा. माणूस भला. आक्काने त्याला गाठलं तेव्हा कळवळून म्हणाला, "आक्का, मी 'आली'च लिहून राहिलो. नांदेडच्या हापिसात डेस्कवाले त्याचं 'आला' करतेत."

मग त्याने शक्कल काढली. जयंतीच्या मिरवणुकीत आक्काने सरबत वाटलं, त्याची बातमी आली: 'आक्का यांच्याकडून सरबत वाटण्यात आले.' तो/तीची भानगडच नाही. तेव्हापासून ती दारातून म्हणायची, "आक्काकडून येन्यात आलं हाय. तुमच्याकडून चहा सांगन्यात यावा."

काविळीने ती अचानक गेली. मनाला फार लागलं. पेपर उघडताना वाटलं, 'निधन झाले' असेल. ते कुणालाही चालतं. पण मथळा होता, 'आक्का गेली'. वार्ताहर म्हणे एसटीने नांदेडला जाऊन, पेपरचं पान लागेपर्यंत डेस्कवाल्याच्या शेजारी बसून होता.

मी तो मथळा दुकानात मोठ्याने वाचला. तिने मागितलेल्या दोन बातम्यांपैकी एक छापून आली. 'आक्का आली' मात्र राहूनच गेलं.