दोनदा खाली बसणारा डमी

आधीच सांगतो, मी मेडिकलवाला माणूस आहे. शिरड शहापूरला माझं औषधांचं दुकान आहे. लेकराला नजर लागली म्हणून आलेल्या आयांच्या हातात मी ओआरएसचं पाकीट ठेवतो आणि वर दोन शब्द सुनावतो. या ग्रुपवर भूत, चकवा, अंगात येणं असलं काही आलं की खाली खवचट कमेंट माझी असतेच. दोघा-तिघांनी मला त्यापायी ब्लॉक केलंय. तेव्हा आज माझ्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा...

गोष्ट व्हिडिओ गेमची आहे. मारामारीचा गेम — दोन पात्रं समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना बडवतात. त्यात एक पंखवाली बाई आहे. तिचं खरं नाव इंग्रजी, आम्ही पोरं तिला टिटवी म्हणायचो. जमिनीवर ही बाई अगदीच फुसकी. सगळा जोर हवेत — उडी, हवेतच झेप, वरून लाथ, परत उडी. ती शिकण्यात मी यंदाच्या उन्हाळ्यातले तीन आठवडे घातले, आणि त्यात माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं डी. फार्मसीच्या परीक्षेतही फिरलं नव्हतं.

शिकायचं कारण वैभव. माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, घराला घर लागून. आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघं एसटीनं वसमतला कॉलेजला जायचो आणि स्टँडमागच्या गल्लीत मामूंच्या दुकानात हा गेम खेळायचो. मामू म्हणजे दुकानाचे मालक, साठीचे, कमी बोलणारे. त्यांच्याकडं एकच जुनाट मशीन आणि एकच नियम — हवा में नक्को मारो. उडी मारून मारायचं नाही. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. पण पोरांत त्या नियमाचं असं होऊन बसलं की उडी मारणारा तो चोट्टा आणि जमिनीवर लढणारा तो खरा मर्द. अक्कल तेवढीच होती.

एकदा दुकानातल्या दुकानात आम्ही स्पर्धा भरवली. शेवटची मॅच माझी आणि वैभवची. त्यानं टिटवी घेतली आणि मला हवेतून असा चोपला की मला काही सुचेचना. मी उठलो आणि सगळ्या पोरांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. चोर म्हणालो. त्यानं मामूंकडं बघितलं. मामू मान खाली घालून बसून राहिले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. घरी येऊन मी काकांना सांगितलं की हा कॉलेज बुडवून दिवसभर मशीनवर असतो. मीही असायचो, ते नाही सांगितलं. काकांनी त्याचं कॉलेज बंद केलं आणि पंधरा दिवसांत त्याला पुण्याला कंपनीत कामाला धाडलं. तेव्हापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. सणाला आला तरी मी दुकानात असतो तेवढ्या वेळात येऊन जातो.

यंदा त्याच्या बहिणीचं, पल्लवीचं लग्न ठरलं. वैभवनं घरी कळवलं — येईन, अक्षता टाकीन आणि निघीन. मग काकू माझ्याकडं आली. अक्षतांनंतर कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो. नवरदेवाचा कान पिळून त्यानं बजावायचं की माझ्या बहिणीला नीट सांभाळ. काकू म्हणाली, "वैभव न्हाई थांबला तर तू उभा राहा बाबा. तूबी भाऊच हायेस तिचा."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. त्याचं कॉलेज माझ्यामुळं गेलं, घर माझ्यामुळं सुटलं, आता त्याची ही जागाही मीच घ्यायची?

मी त्याला मेसेज टाकला, लग्नात थांब म्हणून. चार दिवसांनी उत्तर आलं — टिटवी घेऊन माझ्याकडून एक मॅच जिंक, मग बोलू. त्याला पक्कं माहीत होतं की मी जन्मात कधी उडी मारलेली नाही.

झालं. एका मित्राकडं कन्सोल पडून होता, तो उचलून आणला. गेमची नवी आवृत्ती टाकली. कंट्रोलर एकच — दुसरा त्याच्याकडं केव्हाच मोडला होता. माझं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. जेवलो की बैठकीत बसायचं आणि ट्रेनिंग मोड लावायचा. ट्रेनिंग मोडमध्ये समोर एक डमी असतो. तो नुसता उभा राहतो आणि मार खातो.

त्या डमीलासुद्धा मला नीट मारता येईना! उडी मारली की झेप घ्यायची विसरायचो. झेप घेतली तर लाथ डमीच्या डोक्यावरून. अंगठ्याला फोड आला. ऑनलाइन खेळलो तर मी हवेत गेलो रे गेलो की समोरचा मला खालून ठोसा मारून पाडायचा. सलग एकोणीस मॅच हरलो. पुण्यात बसून वैभव हसत असेल असं वाटून आणखीच तळपायाची आग मस्तकात जायची.

नववा दिवस असेल. मी अशीच एक भिकार उडी मारून आपटलो, आणि समोरचा डमी खाली बसला. उठला. परत बसला. मग त्यानं उडी मारली, हवेतून माझ्यावर झेप घेतली... आणि मारलंच नाही. मी घाबरून वर ठोसा फेकला, तो फुकट गेला. डमी माझ्यासमोर रिकामाच उतरला आणि मग त्यानं मला झोडपलं.

भीती नंतर वाटली, आधी राग आला. म्हटलं सेटिंग बिघडली. बघितली — डमी 'उभा' वरच होता. आधीच्या हालचाली रेकॉर्ड करून ठेवायची सोय असते, तीही रिकामी. नेट बंद केलं, कन्सोल बंद करून परत चालू केला. डमी गुमान उभा. मी उडी मारून हवेत लाथ झाडली, की हा परत बसला... दोनदा... आणि उडाला.

दाराशी आई तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं उभ्या जन्मात गेम खेळलेला नाही. ती म्हणाली, "ते समोरचं पोरगं बघ कसं दोनदा बसून मंग उडून राहिलं. तू काहून नुसता लाथा झाडून राहिला? त्याच्यावानी कर की."

म्हणजे तिलाही दिसत होतं. मी खोदून विचारलं, तर म्हणे व्हय, लय येळ झाला बघून राहिले. आणि डाळ घेऊन आत गेली. मी मात्र कंट्रोलर खाली ठेवला.

पण लग्न तोंडावर आलेलं. मी डमीसारखं करायला लागलो. हवेत घाई करून मारलं की तो मला पाडायचा. काही न मारता रिकामा उतरलो की तो फसायचा आणि मार खायचा. तेव्हा कळलं की टिटवीचा सगळा डाव तोच आहे — समोरचा वर बघत राहतो आणि आपण खाली आलेलो असतो. दोनदा बसायचं कशाला ते काही कळलं नाही. पण तो बसायचा म्हणून मीही बसायचो. त्याला चारदा-पाचदा बरोबर जमवून दाखवलं की तो दिवसभर हलायचा नाही.

लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी वैभवबरोबर ऑनलाइन मॅच लागली. त्यानंही टिटवीच घेतली. पाच राउंडची मॅच, पहिल्या दोन्हींत त्यानं मला लोळवलं. तिसऱ्यात मी दोनदा बसलो, उडालो, रिकामा उतरलो आणि पहिल्यांदा त्याला मारलं. परत तसंच. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा त्याची टिटवी जागच्या जागी थांबली. मग तो मॅचमधून बाहेरच पडला. मी शिवी हासडली, तोवर फोन वाजला. आठ वर्षांनी त्याचा फोन.

"ते खाली-खाली तुला कुणी शिकवलं?"

मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला की मामूंच्या मशीनची पात्र हलवायची दांडी वरच्या बाजूला अडकायची. दोनदा खाली दाबली, म्हणजे पात्र दोनदा खाली बसवलं, तरच उडी लागायची. पोरं ती हिसके देऊन मोडतील म्हणून मामूंनी उडीलाच बंदी घातली होती. नियम एवढ्यापुरता! मामूंना स्वतःला मात्र टिटवी भारी आवडायची. दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी वैभवला ती शिकवली आणि कुणाला बोलू नको म्हणाले. नव्या कंट्रोलरवर खाली-खाली करायची गरजच नसते, त्यामुळं वैभवनंही ते केव्हाच सोडलेलं. आणि मामू गेल्या वर्षी वारले. वैभव पुण्याहून मातीला आला होता. मी इथं शेजारी असून गेलो नव्हतो.

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, त्या दिवशी मामूंनी एकदा तोंड उघडलं असतं, मी शिकवलंय म्हणाले असते, तर हे काही झालंच नसतं. आता मरून शिकवायला येतात होय?

वैभव म्हणाला, "मामूच्या बोलण्याची वाट कोण बघून राहिलं होतं रे. मी तुझी बघून राहिलो होतो."

मी म्हणालो — चुकलो मी, वैभव. काकांना मी सांगितलं होतं, आणि निम्मं खोटं सांगितलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, हळद किती वाजता लागणार आहे.

कानपिळी त्यानंच केली. नवरदेवाचा कान असा पिळला की बिचारा कळवळला, आणि काकू एकीकडं हसत होती, एकीकडं डोळे पुसत होती.

लग्नानंतर मी पुष्कळदा ट्रेनिंग मोड लावून बसलो. मुद्दाम चुकीच्या उड्या मारल्या. डमी ढिम्म. कन्सोल उघडून बघितला, या गेमच्या जाणकारांना विचारलं, त्यांनी मला वेड्यात काढलं. मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. तो डमी कसा हलला ते मला आजही सांगता येत नाही. पण चुकलो एवढा एक शब्द बोलायला मला आठ वर्षं काहून लागली, ते कुणी विचारलं तर तेही सांगता येत नाही.