घोंगडं आणि पांढरे बूट

न्हावरे गावच्या प्रगतीने एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती मागे हटायची नाही. सध्या तिच्या मनात इंडोनेशिया होता. पुण्यापलीकडे कधी न गेलेली ही पोरगी मोबाइलवर जावा बेटावरच्या मुली बघत बसे. अंगात ढगळ टी-शर्ट, पायात पांढरे बूट आणि कमरेला आजीच्या पेटीतलं बाटिकचं कापड. ना कात्री, ना सुई. घड्या घालायच्या, वर पट्टा आवळायचा, की निघाल्या स्कूटरवरून गाणी ऐकत कॉफी प्यायला! त्यांची भाषा तिला ओ की ठो कळत नसे, पण त्यांचा तोरा बरोबर कळला.

कॉलेजात ट्रॅडिशनल डे आला. बाकीच्या मुली भाड्याच्या नऊवाऱ्या आणि नथी आणणार होत्या. प्रगतीने वडिलांचं घोंगडं घालायचं ठरवलं.

वडील, रखमाजी, भडकले. मेंढरं विकून ते केव्हाच उसाच्या शेतीत रमले होते.

"न्हाई म्हंजी न्हाई! ते घोंगडं खांद्याव हुतं, तवा स्टँडवरचा हॉटेलवाला मला आत बसू देत नव्हता. मेंढराचा वास येतो म्हनायचा. च्या प्यायचा त्यो बाहीर, उभ्यानं. आन् तू ते मिरवाया नेतीस?"

घोंगडं जुनं झालं म्हणून पेटीत गेलं, असंच प्रगतीला आजवर वाटत होतं. पण माघार कसली घेते!

"म्हनूनच नेते, आप्पा."

सकाळी तिने टी-शर्टवर घोंगडं लपेटलं, पट्टा आवळला, बूट चढवले. रखमाजी बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, अडवलंही नाही.

स्टँडवर शेजारची अनुपमा नथ सावरत हसली, "अगं, मेंढरं कुठं सोडलीस?" सगळ्या खिदळल्या. प्रगतीचे कान तापले, पण पट्ट्याला तिने हात लावला नाही.

तेवढ्यात रखमाजींची मोटारसायकल येऊन थांबली. ते तडक लेकीपाशी आले.

"गाठ चुकलीया. सुटंल की वाटंत."

चारचौघांदेखत त्यांनी घोंगडं सोडलं, रानात बांधत तशी खांद्यावर पक्की गाठ मारली आणि पट्टा पुन्हा आवळून दिला. मग म्हणाले, "चल."

ते तिला समोरच्या त्याच हॉटेलात घेऊन गेले आणि अगदी पुढच्या बाकड्यावर बसले.

"दोन च्या. बसून पिनार हाय."

एसटी आली आणि गेलीही. प्रगती उठली नाही. आप्पांचा चहा अजून संपायचा होता.