कौशल्याबाईंचा मेणाचा ठोकळा

नाचणगावात मांडे करावेत ते कौशल्याबाईंनीच. चुलीवर उपड्या घातलेल्या रांधणावर, म्हणजे मातीच्या मडक्यावर, पुरणाचा मांडा टाकायच्या आधी त्या तो दोन्ही कोपरांवर असा झुलवत, की लग्नघरातली अर्धी पंगत ताट सोडून चुलीपाशी येऊन उभी राही. कौशल्याबाईंना ते आवडे. खरं सांगायचं तर मांड्यापेक्षा तेच जास्त आवडे. आणि शेजारच्या चुलीवर दुसऱ्या कुणा बाईचा मांडा त्यांच्याहून वीतभर मोठा निघाला, तर पुढचे दोन दिवस त्यांना घास गोड लागत नसे. धाकट्या बहिणीला जरीकाठाचा परकर शिवला त्या दिवशी हे जळणं सुरू झालं, आणि बावन्न वर्षांच्या झाल्या तरी थांबलं नाही.

पोटातलं दुखणं मात्र चार वर्षांपूर्वीचं. अंडाशयाचा कर्करोग. वर्ध्याला ऑपरेशन झालं, गाठ तपासून आली, आणि डॉक्टरीणबाईंनी कागदावर बोट ठेवून सांगितलं, "हा प्रकार फार क्वचित दिसतो. वाढतो हळू, पण नेहमीच्या केमोला हवी तशी दाद देत नाही."

कैलासरावांचा, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचा, चेहरा पडला. कौशल्याबाईही रडल्या. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "तुमचा कोनता व?" तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माहा लई कमी लोकाइले होते." घरात कलेक्टर जन्मल्याचा सूर होता तो.

मग दोन वर्षांनी नमिताबाईंचा प्रवेश झाला.

दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघत बसलेली ती नालवाडीची शाळामास्तरीण. वय एकोणचाळीस, विषय गणित, मांडीवर रंगीत पट्ट्या लावलेली फाइल. तिनं कौशल्याबाईंच्या कागदावर नजर टाकली आणि चक्क टाळी वाजवली. "काकू, तुमचाही तोच? अहो, माझाही तोच! दोन वर्षं शोधतेय, दुसरी कुणी भेटतच नव्हती!"

तिला सोबत मिळाली होती. कौशल्याबाईंचं मात्र होतं तेवढं वेगळेपण गेलं. शिवाय 'काकू'! अकरा वर्षांचा तर फरक.

त्यानंतर त्या तिच्याकडे बघत राहिल्या, आणि बघावं तिथे टोचत राहिलं. नमिताचे गेलेले केस कुरळे होऊन परत आले. यांचे आले ते विरळ. नमिताचा नवरा श्रीनिवास पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून बाटली हातात देई. कैलासराव बाहेर स्कूटरच्या रांगेत उभे राहून कुणाशी तरी सोयाबीनवर बोलत. नमिता मात्र यांचे रिपोर्ट वाचून देई, डब्यातली भाजी अर्धी काढून देई. त्या भाजीला नाव ठेवावं तर तीही चांगली असे. काय करावं बाईनं!

गेल्या वर्षी दोघींच्याही पोटात पुन्हा डाग दिसले. नमितानं सहा महिने फोन केले, पत्रं लिहिली, आणि तिला पत्ता लागला. नेमक्या याच आजारासाठीच्या एका नव्या गोळीची चाचणी नागपूरच्या एका केंद्रात चालू होती. मोजक्या बायका घेणार होते. तिनं आपलं नाव दिलं आणि त्याखाली कौशल्याबाईंचं. तिथला अंकित नावाचा मुलगा कागदपत्रं बघे. त्याची पहिली अट एकच होती. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा मेणाचा ठोकळा हवा.

इथेच कौशल्याबाई अडल्या.

गाठीचा बारीक तुकडा मेणात बसवून दवाखाने जपून ठेवतात, त्याला सगळे ठोकळा म्हणत. काडेपेटीच्या निम्म्याएवढा. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला कैलासरावांनी तो सही करून नागपूरला नेला होता. मत घेऊन झालं आणि ठोकळा घरी आला. कौशल्याबाईंनी तो उजेडात धरला. आपलंच मांस, त्यातच तो रोग. असलं काही घरात ठेवतात का? अमावास्येच्या सकाळी पुलगावच्या घाटावर जाऊन, नारळ फोडून, झेंडूच्या फुलांसकट त्यांनी तो वर्धा नदीत सोडला, हात जोडले, मागे न बघता घरी आल्या. रोगाचं विसर्जन झालं होतं. नवऱ्याला शपथ घातली, की कोणाला सांगायचं नाही.

आता अंकितला काय सांगणार? आणि मुख्य म्हणजे, त्या मास्तरणीला? "मले कोनं काई देल्लंच नाई," त्या म्हणाल्या. रजिस्टरमध्ये कैलासरावांची सही निघाली, तर कौशल्याबाईंनी ती सही खोटी म्हणून दवाखान्याकडे लेखी तक्रार दिली. चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत त्यांच्या गाठीचं जे काही होतं, ते सगळं दवाखान्याच्या कपाटात बंद.

नमिताचा ठोकळा तिच्या घरी गणिताच्या पुस्तकांमागे स्टीलच्या डब्यात होता. तिची निवड झाली.

तीन महिन्यांनी एका रविवारी ती नाचणगावला आली. कौशल्याबाईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. नमिताच्या गालांवर, कपाळावर, हनुवटीवर लाल लाल पुळ्या.

"गोळीच्या आहेत," नमिता हसली. "वर्गात पोरी म्हणतात, मॅडम, तुम्ही आमच्यात आल्या. पण डाग आकसलाय काकू, थोडासा."

कौशल्याबाईंनी चहा ठेवला. दूध उतू गेलं तरी हात हलला नाही. आयुष्यात त्या परकरावर जळल्या होत्या, मांड्यांवर जळल्या होत्या, कुरळ्या केसांवर जळल्या होत्या. पुळ्यांवर पहिल्यांदाच जळत होत्या. कुणा बाईच्या अंगावरचं सोनंही त्यांना इतकं सुंदर दिसलं नव्हतं.

"दोनच जागा उरल्यात," नमिता म्हणाली. "महिनाअखेर बंद. तुमच्या तक्रारीचं काय झालं? मी कडक पत्र लिहून आणलंय. दवाखान्यानं ठोकळा हरवला म्हणजे काय? उद्या रजा टाकते, दोघी जाऊन भांडू." आणि तिनं फाइलमधून तो कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं. "इथं सही करा."

कौशल्याबाईंनी पेन हातात घेतलं. सही केली की चौकशी आणखी लांबणार. महिना संपणार. दोन्ही जागा जाणार. आणि त्या पुळ्या हिच्या एकटीच्याच तोंडावर राहणार.

"नाई," त्या एकदम ओरडल्या. "एकटीनंच मिरवाचं का तुमी?"

"काय झालं?"

"थो ठोकळा नदीत हाय. म्याच सोडला. नारळ फोडून!"

दारात उभ्या कैलासरावांनी शपथ सुटल्याचा असा सुस्कारा सोडला, की कोंबडी दचकून उडाली. नमितानं कपाळाला हात लावला, मग तोंडाला, आणि मग तिला हसू आवरेना. "झेंडूसुद्धा?"

"होये. काऊन, हसून काय राह्यल्या?"

दुसऱ्या दिवशी दोघी दवाखान्याच्या तपासणी विभागात उभ्या राहिल्या. कौशल्याबाईंनी मान खाली घालून तक्रार मागे घेतली आणि माफीचे चार शब्द लिहिले. तिथल्या रीता मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला.

"अहो काकू, एका गाठीचा एकच ठोकळा कुठं असतो? तुमचे अकरा आहेत. नागपूरला गेला तो एक."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"तुम्हीच लिहून दिलं होतं ना, चौकशी होईपर्यंत माझ्या कशालाच हात लावू नका म्हणून!"

महिनाअखेरीला तीन दिवस उरले असताना ठोकळा नागपूरला पोचला. तपासण्या झाल्या, पानापानावर सह्या झाल्या, आणि उरलेल्या दोनांतली एक जागा कौशल्याबाईंची झाली. पहिली गोळी घेताना अंकितनं बजावलं, पुळ्या येतील किंवा येणारही नाहीत. त्यावरून गोळी लागू पडली असं काही समजू नका. त्यांनी मान डोलावली. ऐकलं काहीच नाही. घरी येऊन आधी नमिताला फोन लावला.

"मॅडम, तुमाले पयली कोनत्या दिवशी निंगाली?"

"दहाव्या. का हो?"

"काई नाई. असंच."

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ आरसा. नाकाचं टोक, हनुवटी, कानामागे. सातवा दिवस कोरडा. आठवाही कोरडा. कैलासराव म्हणाले, "अवं, लग्नातबी एवढं पायलं नाई तू सोताले."

नवव्या दिवशी सकाळी उजव्या गालावर बोट थांबलं. त्यांनी आरसा खिडकीशी नेला. लाल, टपोरी, बाजरीच्या दाण्याएवढी.

"अवो, इकडं या!" सगळी गल्ली जागी होईल असा आवाज लागला. "मॅडमले फोन लावा. म्हना, एक दिवस आंधी निंगाली!"