दर्भाचा कावळा

ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड आलेली असताना, शिकवायला आलेल्या बाईंनी आम्हाला खुर्च्या गोल करून बसवलं आणि म्हणाल्या, "आता प्रत्येकाने आपला पर्सनल हिरो सांगायचा. कोण, आणि का. अगदी मनापासून." मनापासून म्हटलं की माझं मन आधी उठून बाहेर जातं, हे त्यांना कुठून माहीत असणार.

आमचं ठाण्याचं ऑफिस इन्शुरन्सचं. क्लेम आला की कागद बघायचे, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. ह्या कामाला हिरो लागत नाही. पण अधूनमधून वरच्यांना वाटतं की आमच्यात ऊर्जा भरली पाहिजे, आणि मग कोणीतरी गळ्यात मोठे मणी घालून येतं. बाई वाईट नव्हत्या. चहाबरोबर सामोसे होते. मला कसलीच तक्रार नव्हती. बाबा गेल्यापासून मला कसलीच तक्रार नसते. पूर्वी रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला तरी मी अर्धा तास धुसफुसत असे. आता म्हणतो तेवढे देते आणि बसते.

एकाने क्रिकेटपटू घेतला. एकीने अंतराळात जाऊन आलेली बाई घेतली. माझ्या शेजारच्याने स्वतःची बायको घेतली, त्यावर सगळे हसले आणि तो बिचारा लाजला. एक जण म्हणाला, मीच माझा हिरो, आणि त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. मी ठरवलेलं, कोणीतरी शास्त्रज्ञ सांगायचा आणि सुटायचं. पण माझा नंबर जवळ येत गेला तसा मला खडवलीचा नदीकाठ दिसायला लागला, आणि झाडाखालून उठणारी आई.

बाबांचं मूळ गाव खडवलीच्या पुढचं, म्हणून त्यांचा दहावा आम्ही डोंबिवलीत न करता तिथे नदीवर केला. दहाव्याला पिंड ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली आहे असं धरायचं, आणि ज्याला जे सुचेल ते पिंडासमोर हात जोडून कबूल करत सुटायचं. एरवी कोणी मानो न मानो, त्या जागी दिलेला शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही. मोडायची छातीच होत नाही, एक दादा सोडला तर.

क्रिया दादा करत होता. दादा माझा मोठा भाऊ. नोकरी, बायको, मित्र, एकेक करून त्याचं सगळं दारूत गेलं, आणि मग तो आईबाबांकडे परत आला. चांगला दिवस असला की भाजी आणतो, निवडूनसुद्धा देतो. वाईट दिवस असला की त्याला नाक्यावरून उचलून आणावं लागतं. बाबा आणायचे. त्या दिवशी त्याचं मुंडण केलेलं, उघड्या अंगावर जानवं, आणि सकाळपासून घेतली नव्हती म्हणून हात लटलट कापत होते. पिंडावर तीळ घालताना अर्धे तीळ वाळूत पडले.

कावळे होते. ढीगभर होते. पलीकडच्या उंबरावर बसून खाली बघत होते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पापड वाळत घातले तर राखायला माणूस बसवावा लागतो, आणि इथे भात, वडा, वर तूप, तरी एकाला उतरावंसं वाटेना.

"बोल, तू बोल," काका दादाला म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, कल्याणला असतात. दादा हात जोडून म्हणाला, "बाबा, मी सोडतो. आजपासून थेंब नाही." एक कावळा तेवढा ह्या फांदीवरून त्या फांदीवर जाऊन बसला. मला हसू आलं. बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी मला हसू आलं, आणि हसू आल्याचं वाईटही वाटलं नाही. मी रडलेच नव्हते मुळात. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही, घरातून नेलं तेव्हा नाही. मावशी येऊन गळ्यात पडल्या तरी मी त्यांची पाठ थोपटत उभी.

ऊन डोक्यावर आलं. वाळू तापली. बायका चुळबुळायला लागल्या. मग काकांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते काय बोलणार हे मला त्यांच्या आधी कळलं.

"त्याचा जीव ह्या पोरात अडकलाय," ते म्हणाले. "दुसरं काय असणार? तू म्हण बाळा. म्हण, बाबा काळजी करू नका, दादाला मी जन्मभर सांभाळीन. बघ लगेच येतो की नाही."

इथे एक सांगायला हवं. बाबा जायच्या थोडे दिवस आधी मी ठाण्यात भाड्याची खोली बघून ठेवलेली. एक खोली, ओटा, आणि खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. मला कुठे उडायचं नव्हतं. संध्याकाळी लिफ्टने वर जाताना, दार उघडल्यावर आज आत काय असेल हा रोजचा विचार मला नको होता. बस, एवढंच. हे फक्त आईला माहीत होतं. ती तेव्हा "बघ बाई तुझं तू" एवढंच म्हणालेली.

आता काका म्हणत होते ते एक वाक्य मी बोलले असते, की ती खोली संपली. दादाची दारूही सुटणार नव्हती आणि मीही सुटणार नव्हते. हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तरी मी बोलणार होते. मनाविरुद्ध वगैरे नाही, कारण मन जागेवरच नव्हतं. कोणी म्हणालं असतं नदीत जाऊन उभी रहा, तर तेही केलं असतं. मी पिंडासमोर गेले. हात जोडले. दादा माझ्याकडे बघत होता. त्याला काय वाटत होतं कोणास ठाऊक, पण त्याने मान खाली घातली.

"बाबा," मी म्हटलं.

"थांब," आई म्हणाली.

आई बायकांत बसली होती, लांब, झाडाखाली. ती गुडघ्यांवर हात ठेवून उठली. माझी आई म्हणजे जन्मभर मूग गिळून बसलेली बाई. चार माणसांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लग्नकार्यात साडी कोणती हेसुद्धा तिला मावशी आणि काकू सांगायच्या. ती तापलेल्या वाळूतून अनवाणी चालत आली, माझ्या बाजूला उभी राहिली आणि गुरुजींना म्हणाली, "दर्भाचा करा."

कावळा नाहीच आला तर गुरुजी दर्भाच्या काड्या बांधून कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. चालतं तसं. पण लोक नाक मुरडतात. पुढे वर्षानुवर्षं म्हणत राहतात, त्यांचं दर्भावर भागवलं बरं का, काहीतरी राहिलंच असणार.

"वहिनी, एवढी घाई नको," काका म्हणाले. "पोरगी म्हणतेय ना. येईल तो."

"ती काही म्हणणार नाही."

"अहो, पण त्याचा जीव..."

"भावजी," आई म्हणाली, आवाज अजिबात न चढवता, "मागच्या वेळी मी म्हटलं होतं. तुम्ही होतात की तिथे."

काका वाईट नाहीत. पण त्यांनी नजर नदीकडे वळवली. गुरुजींनी आईकडे बघितलं, पिशवीतून दर्भ काढला, दोन गाठी मारल्या. तो कावळा कावळ्यासारखा दिसतही नव्हता, केरसुणीच्या तुटक्या टोकासारखा दिसत होता. त्यांनी तो पिंडाला टेकवला आणि झालं. माणसं उठली. आम्ही पाठ वळवल्यावर उंबरावरचे सगळे खाली उतरले आणि तुटून पडले, हेही सांगून टाकते.

"तुमचा हिरो?" ट्रेनिंगच्या बाई माझ्याकडे बघून हसत होत्या.

"माझी आई," मी म्हटलं.

"किती गोड," त्या म्हणाल्या. "का?"

मी म्हटलं, "तिने मला एकदा बोलू दिलं नाही." कोणाला काही समजलं नाही. बाई म्हणाल्या, "हो, शिस्त पण महत्त्वाची असते," आणि पुढच्याकडे वळल्या. मी सामोसा घेतला. गार झालेला.

त्या रविवारी मी डोंबिवलीला गेले. मी आता ठाण्यातच राहते, त्या टाकीसमोरच्या खोलीत, आणि रविवारी घरी जाते. दादा आतल्या खोलीत झोपला होता. कसा झोपला होता ते दारातूनच कळत होतं, म्हणून मी विचारलं नाही. आई ओट्याशी स्टुलावर बसून वालाच्या डाळिंब्या सोलत होती. मीही हात धुऊन बसले.

मी तिला ऑफिसातलं सांगितलं. ती म्हणाली, "वेडी आहेस का गं? सगळ्या जगात तुला कोणी मोठं माणूस नाही मिळालं?"

"मागच्या वेळी काय म्हणाली होतीस?" मी विचारलं. इतके दिवस विचारलं नव्हतं.

ती सोलत राहिली. मग म्हणाली, आजीच्या दहाव्याला तिला पुढे केलं होतं. मोठी सून म्हणून. आजीचा जीव आत्यात अडकलाय म्हणाले. बाबांची ती बहीण डोक्याने अधू, मला लहानपणची आठवते, दिवसभर गॅलरीत बसून कडी वाजवायची. आई तेव्हा ठाण्याला एका ऑफिसात टायपिस्ट होती. हेही मला त्या रविवारी पहिल्यांदा कळलं.

"मी म्हटलं, मी सांभाळीन," आई म्हणाली. "वाक्य पुरं व्हायच्या आत शिवला मेला. सगळे कसे खूश. मग नोकरी सोडली. ती जाईपर्यंत केलं तिचं. तिचा राग नाही मला, तिला बिचारीला काय कळत होतं. पण त्या कावळ्याला मी कधी माफ केलं नाही."

हे ती हसून म्हणाली. मला मात्र राग आला. खरा, पूर्वीसारखा राग, काकांचा, आजीचा, नदीवरच्या त्या सगळ्या माणसांचा, आतल्या खोलीत घोरणाऱ्याचा. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं म्हणून मी गप्प बसून राहिले, तो जाऊ नये म्हणून.

"आणि दादाचं?" मी शेवटी म्हटलं. "सगळं तुझ्याच गळ्यात."

"माझा मुलगा आहे तो. मी कोणाला काही कबूल केलेलं नाही. जमेल तेवढं करते, नाही जमलं की दार लावून घेते." तिने सालं गोळा करून कागदावर सारली. "एक ऐक. माझ्या वेळेला वाट बघत बसू नका उन्हात. गुरुजींना आधीच सांगून ठेव, दर्भाचाच करा म्हणून. काका असतील, नसतील, आणखी कोणी असेल. कोणी काही म्हण म्हटलं तर म्हणायचं नाही. कबूल कर."

माझ्या हातातली डाळिंबी सुटून खाली गेली. ती शोधायला मी ओट्याखाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाही. वरून तिच्या सोलण्याचा आवाज येत होता.

"कबूल," मी खालूनच म्हटलं.