तुटेनात ते धागे

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी संभाव्यतेच्या प्रकल्पासाठी मी मागावर धागा किती वेळाने तुटतो हे तपासायचं ठरवलं. गोडादऱ्याला वडील माग चालवत त्या कारखान्यात घड्याळ घेऊन ऐटीत बसलो. दुपार झाली तरी धागे तुटेनात. सूत्र बसणार नाही आणि घरातला पहिला पदवीधर नापास होणार, या विचाराने मी जागेवरून उठलो.

शेजारच्या मागावरल्या काकांना कारण विचारलं.

"कच्चा धागा दिसना की आधीच गाठ मारी देस. तुटना तर तुना मार्क कटतीन ना, भाऊ."

धागा तुटला तर माझे मार्क कापले जातील या समजुतीने वडिलांनीच सगळ्यांना कच्चा धागा दिसला की गाठ मारायला सांगितलं होतं. मी वडिलांपुढे हात जोडले. "आबा, तुटू द्या."

"कॉलेजमा हाईच शिकाडतस का?" असं म्हणून त्यांनी गाठी थांबवल्या. संध्याकाळपर्यंत माझ्या पदवीपुरते धागे तुटले.