माझ्या नावावर तिची पावलं

ही हकिकत मी पाच वर्षं टाळली. आधी म्हणालो, दुःख ताजं आहे. मग म्हणालो, डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. नंतर तर लिहायला बरं पेन मिळत नाही इथपर्यंत आलो. धुळ्यात पेन मिळत नाही, असं स्वतःला पटवून देणारा माणूस तुमच्या पाहण्यात नसेल, तर तो हा. आता सत्याहत्तरावं चालू आहे आणि कारणं संपली आहेत.

मी पारोळ्याला हायस्कूलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मुलांना बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण प्रयोगवहीतली निरीक्षणं ज्याची त्यानेच घेतलेली असली पाहिजेत, हा माझा नियम. शेजाऱ्याच्या वहीतून आकडे उतरवणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं करत असे आणि वर विचारत असे, "तापमापी तुझी, ताप त्याचा, असं कसं रे चालेल?" मुलं हसायची. मलाही तो विनोद फार आवडायचा.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं धुळ्याला देवपुरात राहायला आलो. मुलगा पुण्याला. मला सत्तर पूर्ण झाली तेव्हा त्याने एक स्मार्टवॉच आणून माझ्या मनगटावर बांधलं. काळं, चौकोनी, कॅरमच्या सोंगटीपेक्षा थोडं मोठं. ते पावलं मोजायचं, ठोके मोजायचं, झोप मोजायचं. रात्री आपण झोपलो होतो की नाही हे सकाळी उठल्यावर कळण्याची सोय इतकी वर्षं नव्हती, ती झाली. दर तासाला ते मनगटावर थरथरून सांगायचं, उठा, जरा चाला. एकतीस वर्षं मी मुलांना 'बस खाली' म्हणालो, त्याचा सूड बहुधा. आणि ही सगळी माहिती पुण्याला मुलाच्या फोनवर जायची. म्हणजे घड्याळ माझ्या हातात आणि दोरी त्याच्या.

पांझरेच्या काठाला आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा गट होता. फिरणं म्हणजे पुलापर्यंत जाणं, टपरीवर बसणं आणि देश कसा चालवावा ते ठरवून घरी येणं. गटात पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक आप्पा होते. त्यांनाही त्यांच्या जावयाने असंच घड्याळ दिलेलं. मग काय, रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या घड्याळाचा फोटो गटावर टाकायचा, असा ठराव झाला. आप्पांची सात हजार पावलं, माझी दोन हजार शंभर. जन्मभर कालव्याच्या कडेला जीपमधून हिंडलेला माणूस माझ्या पुढे! त्यात पुण्याहून फोन : "नाना, आज दोन हजारच? गुडघा दुखतोय का?"

गुडघा दुखत नव्हता. टपरी मध्ये येत होती.

दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळ बायकोच्या हातात बांधलं. तिला म्हणालो, हे नीट मोजतं की नाही ते तपासायचंय. विज्ञानाचा माणूस, प्रयोग करणारच.

तिने हात लांब धरला. "मी काय चोर शे का, हातले बेडी घाली राह्यनात?" ती भडगावकडची. घरात शेवटपर्यंत अहिराणीच बोलली. मी पुस्तकी मराठीत विचारायचो, ती अहिराणीत उत्तर द्यायची, आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं.

संध्याकाळी पाहिलं तर अकरा हजार तीनशे. फाटकाबाहेर बाई पडली नव्हती. स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचं अंगण, गच्चीचा जिना, पुन्हा स्वयंपाकघर. 'तुला काय, घरातच असतेस' हे वाक्य मी चाळीस वर्षं वापरलं होतं. आता त्याच्या विरोधात आकडा समोर होता. वैज्ञानिकाने काय करायचं? निष्कर्ष काढायचा. मी फोटो काढला आणि गटावर टाकला.

आप्पांचं लगेच आलं : "सर, धावताय की काय?"

त्यानंतर तोच नेम झाला. सकाळी फिरायला जाताना मी घड्याळ तिच्या हातात बांधायचो. संध्याकाळी चहाच्या वेळी ती न बोलता हात माझ्यापुढे करायची, मी पट्टा सोडायचो, आकडा मोठ्याने वाचायचो, फोटो काढायचो. ती नुसती ऐकायची. उन्हाळ्यात बिबड्या घालायचे दिवस आले. ज्वारीचं शिजलेलं पीठ घेऊन ती दिवसातून दहादा गच्चीवर जायची, वाळलेल्या उलटवायला पुन्हा, कावळे हाकलायला पुन्हा. त्या आठवड्यात मी पंधरा हजारांवर गेलो. धुळ्याच्या मे महिन्यात एवढं कुठे फिरता, असं आप्पांनी विचारलं. मी म्हणालो, "गच्चीवर." खोटं नव्हतं. कोण, तेवढं सांगितलं नाही.

आमच्या गटाने महिन्याच्या शेवटी माझा सत्कार केला. सर्वाधिक पावलं. शाल, श्रीफळ आणि 'तरुणांना लाजवणारे सर' असं भाषण. बायको पहिल्या रांगेत बसली होती. घरी आल्यावर मी शाल खुर्चीवर टाकली. तिने ती उचलून घडी केली आणि म्हणाली,

"चालनू मी, शाल तुमले. बठ्ठं बरोबर शे."

'सगळं' बरोबर आहे म्हणाली आणि हसली. तेव्हा मीही हसलो. ती नाराज नव्हती, हे आजही मला खात्रीने वाटतं. तिला त्या आकड्याची गंमत वाटायची. आपण दिवसभरात किती चालतो हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. ते माझ्या नावावर सांगत होतं, एवढंच.

बिबड्या संपता संपता एका दुपारी पुण्याहून फोन आला. मुलाचा आवाज घाबरलेला. "नाना, काय करताय? बसलेले आहात की चालताय?"

"बसलोय. का?"

"तुमचे ठोके एकशे चाळीस दाखवतंय. बसल्या जागी. आणि अनियमित आहेत म्हणतंय. छातीत दुखतंय का?"

मी समोर पाहिलं. ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. घड्याळ तिच्या हातात. चेहरा नेहमीसारखा, फक्त निवडणं थांबवून डोळे मिटून बसलेली.

त्या क्षणी 'अरे, घड्याळ आईच्या हातात आहे' एवढे पाच शब्द बोलायचे होते. मी म्हणालो, "आत्ताच जिना चढून आलो."

फोन ठेवून तिला विचारलं, धडधडतं का गं? "थोडं व्हस. जिना चढनू का व्हस. तुम्ही चहा ल्या." झालं. तपासणी पूर्ण.

चार दिवसांनी पुन्हा तसाच इशारा, पुन्हा फोन. आता मुलगा ऐकेना. आजच्या आज कार्डिओग्राम काढा, नाहीतर मी निघालो. मग मी गेलो. होय, मी. स्वतःच्या पायांनी हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे गेलो, शर्ट काढला, टेबलावर आडवा झालो आणि जे हृदय अगदी ठणठणीत होतं त्याची पट्टी काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, "सर, तुमचं हृदय पंचविशीतलं आहे. घड्याळ फेकून द्या." मी ती पट्टी मुलाला पाठवली आणि खाली लिहिलं, खेळणं आहे ते, फार विश्वास ठेवू नकोस. तापमापी माझी, ताप तिचा. एकतीस वर्षांचा विनोद अखेर कामाला आला.

मला कळत नव्हतं असं मी इथे लिहिलं तर ही हकिकत लिहिण्यात अर्थ नाही. मला कळत होतं. यंत्र बरोबर आहे आणि नाव चुकीचं आहे, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तिला डॉक्टरांकडे न्यायचं मी ठरवलंही होतं. पण नेलं असतं तर मुलगा विचारणार, हे कळलं कसं? मग पंधरा हजार पावलं, मग शाल, मग आप्पा. म्हणून ठरवलं, जळगावचा मेळावा होऊन जाऊ दे. तोपर्यंत पुन्हा इशारा येऊ नये म्हणून मी घड्याळ तिच्या हातातून काढलं आणि कपाटात ठेवलं. तिने विचारलं, "आते नको का?" मी म्हणालो, बिघडलंय.

जळगावला ज्येष्ठांचा मेळावा होता आणि त्यात माझं व्याख्यान. विषय मीच सुचवलेला : 'स्मार्टवॉच, गरज की चोचले?' मी चोचल्यांच्या बाजूने चाळीस मिनिटं बोललो. आपल्या वाडवडिलांना दमल्यावर दम लागायचा, त्यासाठी चार्जर लागत नव्हता, म्हणालो. पाणी प्या म्हणून आठवण करायला जळगावच्या उन्हासमोर घड्याळाची काय बिशाद, म्हणालो. शेवटी हुकमी पान काढलं. या यंत्राने मला हृदयरोगी ठरवलं आणि ही बघा पट्टी! कार्डिओग्राम उंच धरला. सभागृह हसून लोटपोट. हे फॅड दोन वर्षांत संपेल, असं भाकीतही करून टाकलं. त्या दिवशी जळगावातली आठ-दहा घड्याळं तरी माझ्यामुळे परत खोक्यात गेली असतील. बायको तिसऱ्या रांगेत होती. तीही हसत होती. लोक हसले की ती हसायची.

येताना बस पारोळ्याला थांबली. माझं गाव, माझे विद्यार्थी. चहा घेऊ म्हणून उतरलो. स्टँडवरच्या बाकापर्यंत येईतो तिचा श्वास वर आला. "जराशी बसू द्या माले," म्हणाली आणि पदराने कपाळ टिपत राहिली. तेवढ्यात एक जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला. मी त्याला व्याख्यानातले दोन विनोद पुन्हा ऐकवले.

अठरा दिवसांनी सकाळी ती भाकरी थापत होती. उजवा हात पिठावरच राहिला. मला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि जे आलं ते अहिराणी नव्हतं, मराठी नव्हतं, काहीच नव्हतं.

मुलगा दुपारपर्यंत पुण्याहून पोचला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. ठोके अनियमित असले की हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली, म्हणाले. आधी कळलं असतं तर गोळ्या चालू करता आल्या असत्या. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "यापूर्वी कधी काही लक्षात आलं होतं?"

मी म्हणालो, "नाही."

बाहेर बाकावर मुलगा डोकं धरून बसला. "नाना, माझंच चुकलं. ते घड्याळ मी तुम्हाला दिलं. आईला द्यायला हवं होतं. ती स्वतःहून कधी काही सांगते का? तिच्या हातात असतं तर आधीच कळलं असतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तुझी काय चूक रे?" असं मोठ्या मनाने म्हणालो. पाच वर्षं तो ते ओझं वागवतोय. दर दिवाळीला आईच्या फोटोसमोर जरा जास्त वेळ उभा राहतो, ते मी पाहतो आणि फराळाचं ताट पुढे करतो. त्याला खरं काय ते हे छापून आल्यावर कळेल. समोर बसवून सांगायला जी हिंमत लागते, ती मोजणारं घड्याळ अजून निघालेलं नाही, हे माझ्या पथ्यावरच आहे.

माझं भाकीत साफ चुकलं, हेही नोंदवतो. आज देवपुरात भाजीवालीच्या हातात स्मार्टवॉच आहे, रिक्षावाल्याच्या आहे, आप्पांकडे तर तिसरं आहे. उपयोग आहे का, असं लोक मला अजून विचारतात, व्याख्यान गाजलेलं ना! उपयोग होता. माझ्या घरातल्या त्या खेळण्याने दोनदा अगदी खरं सांगितलं होतं. त्याच्याकडे नाव बदलायची सोय होती, ती मी वापरली नाही.

ती त्यानंतर नऊ महिने होती. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, डोळे मात्र सगळं समजणारे. मी तिला भरवायचो, वेणी घालायला शिकलो. रोज ठरवायचो, आज बोलायचं. एका दुपारी कपाटातून ते घड्याळ काढलं, चार्ज केलं आणि तिच्या डाव्या हातात बांधलं. म्हटलं, त्याच्या निमित्ताने सुरुवात होईल. वाक्य पाठ केलं होतं, लहानसं होतं : माझं चुकलं. तिच्याच भाषेत म्हणायचं ठरवलं होतं, म्हणजे पुस्तकी वाटणार नाही.

चहाच्या वेळी मी तिच्यापुढे खुर्ची ओढून बसलो. तोंड उघडणार, तर तिने डावा हात उचलून माझ्यापुढे केला. पूर्वी रोज करायची तसाच. पट्टा सोडा, आकडा सांगा.

मी पट्टा सोडला. तिने वाट पाहिली.

"चौदा पावलं," मी म्हणालो.

ती अर्ध्या ओठांनी हसली. मी घड्याळ खिशात ठेवलं आणि चहा गार होतोय म्हणून उठलो. 'मनं चुकनं' हे दोन शब्द त्या दिवशी राहिले. उद्या म्हणू, असं म्हणालो, आणि पुढचे चार महिने रोज तेच म्हणालो.