आईने रेघेच्या आत दिलेला शेक

परवा मुलुंडला घरीच होतो, गुडघा धरला. सून गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, म्हणाली, "बाबा, शेक देऊ?" आणि मी असा काही खेकसलो की बिचारी पिशवीसकट मागे सरली...

तिची काही चूक नाही. शेक हा शब्दच ऐकला की माझं डोकं फिरतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरच्या चाळीत आई आणि मी, दोघंच. माझं लग्न ठरत आलेलं आणि उजव्या मांडीत गाठ निघाली... हाडाची नाही, मांसातली. कॅन्सर. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आधी रेडिएशन, मग ऑपरेशन करून नुसती गाठ काढू. हे जमलं तर पाय वाचेल, नाहीतर मांडीपासून कापावा लागेल.

आता रेडिएशन म्हणजे काय, हे आईला कोण समजावणार? तेव्हा हॉस्पिटलात सगळेच त्याला 'शेक' म्हणायचे, अगदी नर्ससुद्धा. आईला एकदम हायसं वाटलं. शेकच ना, मग त्यात काय एवढं...

किरण नेमके कुठे सोडायचे, ते कळावं म्हणून मांडीवर जांभळ्या शाईने चौकोन आखला होता. रोजच्या खेपांनी मी इतका दमायचो की दुपारी मेल्यासारखा झोपायचो. त्यात तपासणीला तुकडा काढल्यापासून तिथली कातडी बधिर झालेली.

एक दिवस डॉक्टर मांडी बघून म्हणाले, "हे फोड कसले?" मला काय माहीत... त्यांनी आईला आत बोलावलं.

आई शांतपणे म्हणाली, "तुमीच शेक सांगलात मा? मगे मी पण दुपारचो देतंय, मिठाची पुरचुंडी तव्यार तापवन. पण रेघेच्या भायर गेलंय नाय हां."

खरंच गेली नव्हती. फोड अगदी चौकोनात बसले होते.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. कातडी भरेपर्यंत रेडिएशन बंद, ऑपरेशन पुढे. इथे माझा पाय जायची वेळ आली आणि ही बाई घरी येताना विचारतेय, "मीठ जास्त तापला काय रे?" मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती मात्र गुपचूप पंख्याने मांडीला वारा घालत बसायची. तिचं जेवणही सुटलं होतं.

रेडिएशन परत सुरू झालं, त्या दिवशी ती दारातच थांबली. डॉक्टरांना म्हणाली, "तुमीच द्या, डाक्टरानू. माझ्या हाताक गुण नाय."

तेव्हा मात्र माझा राग कुठल्या कुठे गेला...

ऑपरेशन झालं. मांडीत खड्डा पडला, पण पाय राहिला. आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

परवा थोड्या वेळाने सुनेला हाक मारली, म्हटलं आण ती पिशवी. गुडघा उजवाच आहे, त्याच पायाचा... दुखायला का होईना, जागेवर आहे.